पाच हजार माणसांमागे एक उपकेंद्र



या पानावर एरवी आपण एखाद्या आजाराविषयी बोलतो. या वेळी दवाखान्याविषयी बोलू, आणि तोही मोठ्या दवाखान्याविषयी नव्हे. आपल्या घरापासून सगळ्यात जवळ असलेले उपकेंद्र आणि त्याच्या वरचे प्राथमिक आरोग्य केंद्र, एवढाच आजचा धडा. नळदुर्ग आणि आसपासच्या वस्त्यांत आम्ही बायकांना विचारतो, "उपकेंद्रात गेला होता का?" उत्तर ठरलेले असते. "तिथं काय मिळतंय? कुलूप असतंय." पुष्कळदा ते खरेही असते. पण ते कुलूप कोणत्या वारी असते, किल्ली कुणाकडे असते आणि दार उघडल्यावर आत काय काय असायला हवे, हे सांगू शकणारे घर क्वचितच सापडते. ज्या कामाचा हिशेब कुणी मागत नाही ते काम ढिले पडते, हे आम्ही नर्सची नोकरी करताना आतून पाहिले आणि नोकरी सोडल्यावर वस्तीत बसून बाहेरून पाहिले. हिशेब मागायचा तर आधी काय मागायचे ते ठाऊक हवे. तिथूनच सुरुवात करू.

आपल्याला नेमके काय देणे लागते

सपाट मुलखात पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याच्या वर साधारण एक लाख वीस हजारांमागे ग्रामीण रुग्णालय, अशी सरकारची मांडणी आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे तीन हजार, वीस हजार आणि ऐंशी हजार असे धरतात. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. तालुक्याला त्यांचा साहेब म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी, जिल्ह्याला जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्य सरकारच्या आरोग्य खात्याचे, आणि तिथला जिल्ह्याचा साहेब म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक, ज्यांना आपण सिव्हिल सर्जन म्हणतो. हे पाठ करून ठेवा. अर्ज चुकीच्या साहेबाकडे गेला की तो महिनाभर टेबलांवरून फिरतो आणि शेवटी 'या कार्यालयाशी संबंधित नाही' असा शेरा घेऊन परत येतो.

नळदुर्गला नगरपरिषद आहे, त्यामुळे इथल्या काहींना वाटते की आपण शहरात मोडतो, आपल्याला आशाताई नाही. तसे नाही. शहरी आरोग्य अभियान हे पन्नास हजारांवरच्या शहरांसाठी आहे. त्याहून लहान गावे, मग तिथे नगरपरिषद असो वा नसो, ग्रामीण अभियानातच येतात.

उपकेंद्रात एक नर्सबाई म्हणजे एएनएम असते, पुरुष आरोग्य सेवकाचे पद असते, आणि २०१८ नंतर टप्प्याटप्प्याने समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले, त्यांना सगळे सीएचओ म्हणतात. २०२३ पासून या केंद्रांवर 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी आली आहे. पाटीवरच्या 'मंदिर' या शब्दाने बिचकू नका. इथे आत जायला सत्याग्रह करावा लागत नाही. गावात हजार माणसांमागे एक आशाताई, ही व्यवस्था २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हापासूनची.

या उपकेंद्रात गरोदर बाईची तपासणी, लेकरांच्या लसी, तीस वर्षांवरील प्रत्येकाचा बीपी आणि शुगर, खोकल्याच्या रुग्णाची क्षयरोगासाठी तपासणी किंवा थुंकीचा नमुना पुढे पाठवणे, ही कामे व्हायलाच हवीत. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळतात. त्या मिळत नाहीत म्हणून गोळ्या सोडून देणारी आणि मग अर्धांगवायू होऊन पडणारी माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. चाळिशी-पन्नाशीतला कर्ता माणूस एका बाजूने लुळा पडला की ते घर दहा वर्षे मागे जाते. रोजच्या एक-दोन गोळ्यांनी हे पुष्कळदा टळले असते.

पैशांचे सांगायचे तर १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. सोलापूरच्या सिव्हिलसारखी मेडिकल कॉलेजला जोडलेली रुग्णालये वेगळ्या खात्याची आहेत, तिथे हा नियम जसाच्या तसा लागू नाही. म्हणून तिथे पावती मागितली तर भांडत बसू नका. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात कुणी पाच रुपये मागितले तरी पावती मागा. पावती मागितली की पाच रुपयांची गरज बहुधा संपते.

सगळे सोलापूर का गाठतात

नळदुर्ग म्हटले की पाहुण्यांना किल्ला, बोरी नदी आणि पाणीमहाल आठवतो. आम्हाला हमरस्ता आठवतो. सोलापूर-हैदराबाद रस्ता गावाला लागून जातो, त्यामुळे दुखले-खुपले की गाडी पकडायची आणि पन्नासेक किलोमीटरवरचे सोलापूर गाठायचे, हीच इथली रीत झाली. अपघात, अडलेले बाळंतपण, हृदयविकार यांसाठी सोलापूर हवेच. पण ज्या दुखण्यांसाठी लोक सोलापूरला जातात त्यांतली कितीतरी दुखणी उपकेंद्राच्या पायरीवर ओळखता येणारी असतात. गाडीभाडे, डॉक्टरची फी, रक्त-लघवीच्या तपासण्या, एक सलाईन, बुडालेला रोजगार, आणि हे सगळे बचत गटाच्या कर्जातून. गट काढला होता शेळ्या घ्यायला, पैसा गेला सलाईनला.

जवळचा सरकारी दवाखाना नीट नसला म्हणजे काय होते याचे सगळ्यात कडू उदाहरण शेजारच्या बीड जिल्ह्यातले आहे. ऊस तोडायला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ मध्ये पुढे आले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा बायकांत एक. अंगावरून पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे, ओटीपोटात दुखणे, या तक्रारी घेऊन बाई पहिल्यांदा जाते कुठे, हा खरा प्रश्न आहे. पांढरे जाण्याला बहुतेक वेळा काही दिवसांच्या गोळ्या पुरतात. त्या गोळ्या देणारे, नवऱ्यालाही त्या घ्यायला सांगणारे आणि पडदा लावून बाईला नीट तपासणारे कुणी गावात भेटले नाही, की तीच बाई खासगी दवाखान्यात 'पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल' हे वाक्य ऐकते. फडावर खाडा झाला तर पैसे कापतात, पाळी म्हणजे खाडा, म्हणून तिलाही ते सोपे वाटते. आपल्या धाराशिव जिल्ह्यातूनही टोळ्या जातात. हे वाचणाऱ्या प्रत्येक भगिनीला आम्ही एवढेच सांगू, की पिशवी काढायची असे कुणीही म्हटले तर सोनोग्राफीचा कागद घेऊन सरकारी रुग्णालयातल्या बाईंच्या डॉक्टरांचे दुसरे मत घेतल्याशिवाय सही करू नका, अंगठा देऊ नका.

रक्त कमी असण्याचेही तसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळले. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. राज्य श्रीमंत होत गेले आणि बायकांचे रक्त कमी होत गेले.

बीपीच्या मशीनचे सेल

परिसरातल्या एका गावची हकिकत सांगतो. गावाचे आणि बाईचे नाव सांगत नाही. वस्तीतली एक पोर, वय वीस, कारखान्याच्या फडावरून आठव्या महिन्यात परत आली. तिच्याजवळ कार्ड नव्हते, एकही तपासणी झालेली नव्हती. दोन दिवस डोके दुखत होते, चेहरा सुजला होता, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. सासू म्हणाली, "दिवस भरत आल्यावर सूज येतीच." शेजारणीने आम्हाला निरोप धाडला. तिला घेऊन उपकेंद्रात गेलो तर नर्सबाई होत्या, दार उघडे होते, पण बीपीचे मशीन चालत नव्हते. सेल संपलेले. किती दिवसांपासून? तीन महिन्यांपासून.

आमच्या पिशवीतल्या मशीनवर बीपी पाहिला, १७० आणि ११२. ज्यांना आकडे कळत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गरोदरपणात वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला की ती धोक्याची घंटा, आणि १६०-११० च्या वर गेला की घटकाही घालवायची नाही. केव्हाही झटके येऊ शकतात आणि आई-बाळ दोघेही जाऊ शकतात. नर्सबाईंनी तिथूनच १०८ ला फोन लावला, वाटेत प्राथमिक आरोग्य केंद्रात झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दिले गेले, आणि सोलापूरला तिचे बाळंतपण झाले. पोर वाचली. बाळ फार लहान होते, काचेच्या पेटीत ठेवावे लागले, पण तेही वाचले.

नंतर आम्ही वस्तीतल्या बायका बसलो आणि मागे मागे जात राहिलो. सेल का नव्हते? वरून आले नाहीत म्हणून. वरून येईपर्यंत ते विकत का घेतले नाहीत? पैसे नाहीत म्हणून. पैसे खरेच नाहीत का? गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या नावाने दरवर्षी दहा हजार रुपये अबंधित निधी देण्याची तरतूद आहे. त्या गावात तो खात्यावर पडून होता, कारण समितीची बैठकच झालेली नव्हती. समितीवर आपल्या वस्तीतली एक बाई सदस्य होती. ते तिला आमच्याकडून कळले! चार सेल किराणा दुकानात मिळतात. खात्यात पैसे पडून, वस्तीत जीव टांगणीला, आणि मध्ये एक न झालेली बैठक.

दोष त्या एकट्या नर्सबाईंचा म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणत नाही. एका बाईकडे चार-पाच वाड्या-वस्त्या, ढीगभर रजिस्टरे, मोबाईलवर भरायची माहिती, वर दर आठवड्याला मीटिंग. तिने सेल मागितले असतील, नसतीलही. मुद्दा असा, की त्या तीन महिन्यांत गावातल्या एकाही माणसाने 'मशीन चालतंय का' हे विचारले नाही.

तेव्हा गरोदर बाईच्या घरात हे ठाऊक असू द्या. दिवस राहिल्याचे कळताच तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवायचे. कमीत कमी चार तपासण्या, प्रत्येक वेळी वजन, बीपी, रक्त आणि लघवी. लोहाच्या १८० गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत डॉक्टरकडून गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, हे २०१६ पासून चालू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तिथले जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी फुकट. बाळंतपणाच्या गाडीसाठी १०२, तातडीसाठी १०८. फडावर जाणार असाल तर कार्ड सोबत न्या आणि तिथल्या गावच्या उपकेंद्रात दाखवा. तपासणीला गावाची हद्द नसते.

जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ७०० रुपये मिळतात. "तुम्ही बौद्ध लिहिता, मग अनुसूचित जातीत कसे?" असा प्रश्न आमच्या भगिनींना विचारला गेला आहे. उत्तर तोंडपाठ ठेवा. १९९० सालच्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही लागू झाल्या. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले म्हणून हा हक्क जात नाही. रक्कम लहान आहे हे खरे. पण १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या विसाव्याचा भार सरकारने उचलावा हा विचार मांडला होता. ते सातशे रुपये त्या विचाराचे देणे आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

आपल्याच मुलखात करून दाखवले आहे

हे सगळे बोलायला ठीक, होत कुठे नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी तीन ठिकाणे सांगतो. तिन्ही आपल्या उंबऱ्याजवळची आहेत.

पहिले जामखेड. आपल्या भूम तालुक्याच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यात. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी तिथे काम सुरू केले. त्या भागात तेव्हा जन्मलेल्या हजार बाळांतली १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. डॉक्टर आणि नर्स मिळूनही गावोगाव पोचता येत नाही हे पाहून त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. पुष्कळ निरक्षर, पुष्कळ दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, ताप, पोषण, लसी असे सगळे शिकवले. दुष्काळात हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत घेतले जातील याकडे लक्ष दिले. पाणी हवे तर साऱ्या गावाने वस्तीत यावे! पंचवीस वर्षांत बालमृत्यूचा आकडा तिशीच्या आत आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७८ साली तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा आटा शहरी जगभरच्या देशांनी 'सर्वांसाठी आरोग्य' असा ठराव केला, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने काढलेल्या पुस्तकात जामखेडच्या कामावर प्रकरण होते. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हातात गावाने आपली बाळंतीण दिली. आम्हा नर्स लोकांना हे प्रकरण शाळेत शिकवायला हवे होते. शिकवले नाही.

दुसरे, नळदुर्गच्या शेजारचे अणदूर. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी तिथे हॅलो मेडिकल फाउंडेशन उभे केले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि सारा पट्टा उद्ध्वस्त झाला, त्या काळापासून या भागातल्या खेड्यांतल्या बायकांना शिकवून त्यांनी 'भारतवैद्य' तयार केल्या. आशाताई सरकारच्या कागदावर यायच्या कितीतरी आधी आपल्या तालुक्यांत भारतवैद्य ताई घरोघर फिरत होत्या. आज साठीत असलेल्या कितीतरी बायकांना हे नाव आठवत असेल.

तिसरी गोष्ट सगळ्यात कामाची, आणि तीच लोक विसरले. २००७ मध्ये महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर 'लोकाधारित देखरेख' सुरू झाली. पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे निवडले: अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. राज्यात पुण्याची साथी संस्था आणि आपल्या जिल्ह्यात अणदूरच्या संस्थेसह स्थानिक कार्यकर्ते यात होते. पाच जिल्ह्यांत मिळून २२५ गावे घेतली. रीत अगदी साधी होती. गावातल्या लोकांनीच ठरलेले प्रश्न विचारायचे. नर्सबाई किती वेळा येते, लसीकरण ठरल्या दिवशी होते का, औषध बाहेरून आणायला सांगतात का, पैसे मागतात का, दलित-आदिवासी वस्तीत कोण जाते. उत्तरांवरून गावाचे प्रगतिपुस्तक भरायचे: चांगल्याला हिरवा रंग, बऱ्यापैकीला पिवळा, वाईटाला लाल. ते प्रगतिपुस्तक लोकांसमोर लावायचे. मग जनसुनवाई, म्हणजे साहेब समोर बसलेले, आणि लोकांनी उभे राहून आपापली तक्रार पुराव्यासह सांगायची.

पहिल्या फेरीत, २००८ च्या मध्यावर, गावपातळीवरच्या ४८ टक्के सेवांना 'चांगले' असा शेरा मिळाला. दीडेक वर्षात तिसऱ्या फेरीपर्यंत हे प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले. त्या दीड वर्षात डॉक्टर बदलले नाहीत, इमारती नव्या आल्या नाहीत. मिळणाऱ्या औषधांचे फलक लागले, नर्सबाईंच्या भेटी वाढल्या, बाहेरून औषधे आणायची चिठ्ठी देणे कितीतरी ठिकाणी थांबले. पुढे हा उपक्रम आणखी जिल्ह्यांत गेला. सरकारचा पैसा आटला की असे उपक्रम थंडावतात. पण प्रश्न विचारायला सरकारचा पैसा लागत नाही, म्हणून ती रीत आपण उचलायची.

विहारात महिन्यातून एक तास

महिला मंडळ पौर्णिमेला विहारात जमतेच. वंदना झाली की त्यातला एक तास या कामाला द्या. लिहिता येणारी एक मुलगी वही घेऊन बसेल. शाळा सुटलेल्या, घरी बसलेल्या मुली आपल्याकडे पुष्कळ आहेत, हे काम त्यांना द्या. त्या महिन्यात कुणी गरोदर राहिले, कुणाची तपासणी झाली, कोणते लेकरू लसीला चुकले, बीपी-शुगरच्या कुणाला गोळ्या मिळाल्या नाहीत, कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, एवढेच लिहायचे. खोकल्याचे खास सांगतो. निदान झाले तर क्षयरोगाचे औषध फुकट आहेच, शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे खात्यावर येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते पाचशेचे हजार झाले. लाजेने दडवलेला खोकला साऱ्या घराला लागतो.

वहीत आणखी एक रकाना हवा, आणि तो भरताना खोटे लिहू नका: वागणूक. गोळ्या हातात देतात की वरून टाकतात? नर्सबाई वस्तीत घरात येते की रस्त्यावरूनच हाक मारते? लसीकरणाची सांगी गावठाणात आधी आणि आपल्याकडे संपल्यावर येते का? अतिसाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी धुतले, ही विनयपिटकातली कथा आपण विहारात ऐकतो. ज्यांनी सेवेचा पगार घेतला त्यांच्याकडून निदान गोळी हातात देण्याची अपेक्षा करणे काही फार नाही. जातीवरून दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला अडवणे हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्पष्ट शब्दांत लिहिलेला गुन्हा आहे. मात्र दर वेळी थेट तिथवर जायची गरज पडत नाही. आमच्या एका वस्तीत मंडळाने नर्सबाईंना सांगितले, की महिन्याचे एक सत्र विहारात घ्या, खुर्ची-टेबल, पाणी, पडदा आम्ही लावतो. त्या आल्या. पहिल्या दिवशी चहाला नको म्हणाल्या, तिसऱ्या महिन्यात स्वतः मागून घेतला.

गावाच्या आरोग्य समितीत आपल्या वस्तीची बाई आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा. निम्म्या सदस्य महिला असाव्यात आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असावेत, असे समितीच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. असेल तर तिला बैठकीला एकटी पाठवू नका, दोघी-तिघी सोबत जा. ग्रामसभेत दहा हजारांचा हिशेब मागा.

आणि अर्ज. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. लांबलचक लिहू नका, कुणाला शिव्या देऊ नका, एका अर्जात एकच विषय. नमुना असा:

'मा. तालुका आरोग्य अधिकारी, पंचायत समिती, तुळजापूर यांस. विषय: अमुक उपकेंद्रातील बीपीचे मशीन बंद असल्याबाबत. महोदय, आमच्या वस्तीत इतक्या गरोदर महिला व इतके बीपीचे रुग्ण आहेत. दिनांक अमुक, अमुक व अमुक या तीन दिवशी उपकेंद्रात गेलो असता मशीन बंद आढळले. ते आठ दिवसांत सुरू करून मिळावे व काय केले ते लेखी कळवावे. आपले,' आणि खाली दहा-पंधरा सह्या किंवा अंगठे, बायकांचे आधी.

आठ दिवसांत काही झाले नाही तर त्याच कागदाची प्रत जोडून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. तरीही नाही, तर २००५ च्या माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून विचारा, की अर्जावर काय कारवाई झाली, आणि सोबत त्या उपकेंद्राच्या औषधसाठ्याच्या रजिस्टरची व कर्मचाऱ्यांच्या दौरा-डायरीची प्रत द्या. दारिद्र्यरेषेखालच्यांना तिकिटाचेही पैसे नाहीत, दाखला जोडायचा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक आहे. उत्तर येण्याआधीच पुष्कळदा मशीन सुरू होते, हा आमचा अनुभव. जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला मात्र अर्जाच्या भानगडीत अडकवू नका, तिथे आधी १०८. सरकारी दवाखान्याने खाट नाही म्हणून तातडीचा उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या खटल्यात म्हटले आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानेही लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. अर्जात या दोन ओळी घातल्या तर चालतात, पण तारखा आणि सह्या यांचे वजन त्याहून जास्त असते.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. कारकून म्हणेल, "ठेवून जा, साहेब आल्यावर देतो." तेव्हा तिथल्याच बाकावर बसा. शिक्का मिळाल्यावर ती प्रत कुणाच्या घरी ठेवू नका, घरात ती हरवते, पावसात भिजते, पोरे तिची होडी करतात. विहारातल्या कपाटात एक फाईल करा, तिच्यावर उपकेंद्राचे नाव लिहा, आणि महिन्याची वही तिच्यातच ठेवा.